बोटावरचा आकडा आणि आपला वर्ण

करोनाच्या वर्षांत घेतलेलं ऑक्सिमीटर अजून तुमच्या घरात असेलच. औषधांच्या खणात, थर्मामीटरच्या शेजारी. कुणाचा खोकला लांबला, किंवा भारतातून आलेल्या आई-बाबांना रात्री दम लागल्यासारखं झालं, की ते बाहेर निघतं. बोटाला चिमटा लावायचा, दहा-पंधरा सेकंद थांबायचं आणि ९५ दिसलं की म्हणायचं, "चला, काळजी नाही, झोपा आता."

माझं म्हणणं असं आहे की त्या ९५ वर आपण जेवढा विश्वास टाकतो, तेवढा टाकण्याची सोय ते यंत्र घडवणाऱ्यांनी आपल्यासाठी केलेली नाही. शेजारच्या गोऱ्या कुटुंबासाठी ती थोडी अधिक केलेली आहे. आणि या गोष्टीची सगळ्यांत जास्त चीड जर कुणाला यायला हवी, तर ती परदेशातल्या आपल्यासारख्या मराठी माणसांना. कारण आपण या प्रकरणात दोन्ही बाजूंना आहोत. कातडी आपली सावळी आहे, आणि सेन्सर, चिप, सिग्नल प्रोसेसिंग, मेडिकल उपकरणं यांच्या कंपन्यांत आणि प्रयोगशाळांत कामाला आपलेच लोक आहेत.

हा लेख डॉक्टरांविरुद्ध नाही. ते बिचारे समोर दिसणारा आकडा वाचतात. प्रश्न इलेक्ट्रॉनिक्सचा आहे, म्हणजे आपल्यातल्या हजारो जणांनी ज्यात पदवी घेतली त्या विषयाचा. म्हणून आधी यंत्राबद्दल थोडं बोलू.

पल्स ऑक्सिमीटरची मूळ कल्पना जपानमधल्या निहोन कोहदेन या कंपनीतल्या ताकुओ आओयागी यांची. शिक्षणाने ते इलेक्ट्रिकल इंजिनिअर. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला ते वेगळ्याच कामात होते. रक्तात एक रंगद्रव्य सोडायचं, कानाच्या पाळीतून प्रकाश पाठवून ते किती विरळ होत जातं ते पाहायचं आणि त्यावरून हृदय मिनिटाला किती रक्त पुढे ढकलतं ते काढायचं. नाडीच्या ठोक्यांमुळे त्यांचा सिग्नल सारखा वरखाली व्हायचा. तो नको असलेला हेलकावा घालवण्याच्या खटपटीत त्यांच्या लक्षात आलं की ठोक्याबरोबर बदलतं ते फक्त धमनीतलं रक्त. हाड, मांस, कातडी तशीच राहतात. मग तो हेलकावाच मोजला तर? १९७४ मध्ये त्यांनी ही कल्पना जाहीर मांडली. एप्रिल २०२० मध्ये, सगळं जग बोटाला चिमटे लावत असताना, ८४ व्या वर्षी ते वारले. किती जीव या माणसाने वाचवले याची गणती नाही. हे आधीच सांगतो, कारण पुढची टीका त्यांच्यावर नाही.

आता चिमट्याच्या आत काय आहे? एका बाजूला दोन एलईडी. एक लाल, साधारण ६६० नॅनोमीटरचा. दुसरा इन्फ्रारेड, साधारण ९४० नॅनोमीटरचा. समोरच्या बाजूला फोटोडायोड. ऑक्सिजन घेऊन जाणारं हिमोग्लोबिन लाल प्रकाश कमी शोषतं आणि इन्फ्रारेड जास्त. ऑक्सिजन नसलेल्याचं उलटं असतं. दोन्ही प्रकाशांत ठोक्याबरोबर किती फरक पडतो ते पाहायचं, त्यांचं गुणोत्तर काढायचं आणि त्या गुणोत्तरावरून ऑक्सिजनची टक्केवारी सांगायची. अगदी सुरेख कल्पना.

पण गुणोत्तरापासून टक्केवारीपर्यंत नेमकं घेऊन जाणारं सूत्र पुस्तकात नाही. बोटात प्रकाश सरळ जात नाही, सगळीकडे विखुरतो, त्यामुळे कागदावरचं गणित तिथे कमी पडतं. म्हणून मग निरोगी स्वयंसेवकांना प्रयोगशाळेत झोपवून हळूहळू कमी ऑक्सिजनची हवा देतात. त्यांच्या धमनीतून रक्त काढून खरी टक्केवारी तपासतात, आणि त्या क्षणी यंत्राचं गुणोत्तर किती होतं ते टिपून ठेवतात. असं ७० टक्क्यांपर्यंत खाली जातात. त्यातून जो तक्ता तयार होतो तो यंत्रात भरला जातो. तुमच्या बोटावर दिसणारा आकडा हा या तक्त्यात शोधून काढलेला आकडा असतो. कुणा अनोळखी माणसांच्या बोटांवरून तयार झालेल्या तक्त्यात.

ती माणसं कोण होती, हा आपला प्रश्न आहे.

अमेरिकेच्या एफडीएने २०१३ साली या चाचण्यांसाठी मार्गदर्शन दिलं. त्यात किमान १० निरोगी माणसं आणि मोजणीच्या किमान २०० जोड्या एवढी अपेक्षा होती. गडद त्वचेची माणसं किमान २, किंवा एकूण संख्येच्या १५ टक्के, यांतलं जे जास्त असेल ते. गडद कशाला म्हणायचं याची मोजपट्टी त्यात दिलेली नव्हती. आणि अचूकतेची कसोटी सगळ्यांची मिळून एकच होती. नेहमीच्या बोटाच्या चिमट्यासाठी ही चूक ३ टक्क्यांच्या आत असली की यंत्र पास. सांख्यिकीच्या भाषेत याचा अर्थ साधारण दोन तृतीयांश मोजण्या खऱ्या आकड्याच्या ३ टक्के अलीकडे-पलीकडे पडतात, उरलेल्या त्याच्याही बाहेर असू शकतात. दहा जणांत दोघांवर यंत्र सातत्याने चुकलं, तरी आठ जणांच्या चांगल्या निकालात ती चूक बुडून जाते. शाळेत वर्गाची सरासरी चांगली आली म्हणून मागच्या बाकावरची दोन मुलं पास झाली असं कुणी म्हणत नाही. इथे तसंच म्हटलं गेलं.

तुमच्यातला इंजिनिअर म्हणेल की मेलॅनिन ठोक्याबरोबर बदलत नाही, मग गुणोत्तरात ते कटून जायला हवं. तत्त्व म्हणून बरोबर आहे, आणि याच तत्त्वाच्या भरवशावर अनेक वर्षं सगळे गाफील राहिले. प्रत्यक्षात एलईडी एकाच तरंगलांबीचा प्रकाश देत नाही, आसपासच्या लांबीचा एक पट्टा देतो. मेलॅनिन या पट्ट्यातली कमी लांबीची बाजू जास्त शोषतं, त्यामुळे रक्तापर्यंत पोचणारा लाल प्रकाश ठरवल्यापेक्षा थोडा वेगळा असतो. शिवाय गडद त्वचेतून परत मिळणारा सिग्नलच कमी, त्यामुळे गोंगाटाचा वाटा वाढतो. हात गार असेल, रक्तदाब उतरलेला असेल तर आणखीच. कुठल्या कारणाचा वाटा किती यावर तज्ज्ञांचा वाद चालू आहे. चूक कोणत्या दिशेला होते यावर मात्र फारसा वाद नाही. गडद त्वचेवर यंत्र ऑक्सिजन खरा असेल त्यापेक्षा जास्त दाखवण्याकडे झुकतं. म्हणजे नेमकं जिथे धोका आहे तिथे ते "सगळं ठीक" म्हणतं.

हे कधी कळलं? २०२० मध्ये, असं तुम्हाला वाटत असेल. १९९० साली अमल जुब्रान आणि मार्टिन टोबिन यांनी व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांवर काम करताना लिहून ठेवलं होतं की कृष्णवर्णीय रुग्णांत ऑक्सिमीटर जास्त चुकतं. २००५ आणि २००७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या प्रयोगशाळेने निरनिराळी यंत्रं तपासून तेच दाखवलं. २००५च्या शोधनिबंधाच्या लेखकांत जॉन सेव्हरिंगहाऊस होते, रक्तातले वायू मोजण्याचं यंत्र ज्यांनी घडवलं तेच. एवढ्या मोठ्या माणसाचं नाव असूनही बाजारातली यंत्रं होती तशीच विकली गेली.

२०२० च्या ऑगस्टमध्ये एमआयटीतल्या मानववंशशास्त्राच्या अभ्यासक एमी मोरन-थॉमस यांनी या जुन्या संशोधनाकडे लक्ष वेधणारा लेख लिहिला. तो वाचून मिशिगन विद्यापीठातल्या डॉक्टरांनी आपल्याकडची माहिती काढून पाहिली आणि डिसेंबरमध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये निष्कर्ष छापले. ऑक्सिमीटर ९२ ते ९६ दाखवत असताना रक्तातली खरी पातळी ८८ च्या खाली असण्याचं प्रमाण गोऱ्या रुग्णांच्या मोजण्यांत ३.६ टक्के होतं, आणि कृष्णवर्णीय रुग्णांच्या मोजण्यांत ११.७ टक्के. जवळजवळ तिप्पट. एका इलेक्ट्रॉनिक उपकरणातली चूक एका मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी चव्हाट्यावर आणावी, यात आपल्या व्यवसायाची शोभा झाली असं मला वाटत नाही.

इथे काही वाचक मनात म्हणत असतील, "वाईट आहे, पण हा अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचा प्रश्न." मला भांडायचं आहे ते याच वाक्याशी.

आपल्याकडे लग्नाच्या बायोडेटात 'वर्ण' नावाचा रकाना असतो. त्यात गोरा, निमगोरा, गव्हाळ, सावळा अशा छटा आपण इतक्या बारकाईने भरतो की रंगाच्या डब्यांच्या दुकानदाराने लाजावं. मुलीच्या चेहऱ्यावरची अर्धी छटा आपल्याला दिसते. आणि तोच माणूस इकडे येऊन हॉस्पिटलच्या फॉर्मवर 'एशियन' या चौकोनात खूण करतो आणि मोकळा होतो. त्या एका चौकोनात सोलची गोरीपान कोरियन आजी आणि लातूरचे उन्हात राबलेले आजोबा शेजारी शेजारी बसतात. त्या चौकोनाची सरासरी काढली तर ती दोघांचीही नसते.

त्या चौकोनाबद्दलही जे कळलं आहे ते दिलासा देणारं नाही. २०२२ मध्ये जॉन्स हॉपकिन्सच्या गटाने करोनाच्या रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात गोऱ्या रुग्णांच्या तुलनेत एशियन, कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक अशा तिन्ही गटांत ऑक्सिमीटरने पातळी जास्त दाखवली होती. एशियन गटात सरासरी १.७ टक्के. तेव्हा आपण या रांगेत कुठे उभे आहोत याबद्दल गैरसमज नको. आपण गोऱ्यांच्या रांगेत नाही. मेलॅनिनला तुमचा पगार, पदव्या आणि पिनकोड कळत नाही.

"दोन टक्क्यांनी काय बिघडतं?" असं विचारणारेही भेटतात. ब्रिटनमधल्या आपल्या मराठी डॉक्टरांना विचारा. तिथल्या हॉस्पिटलांत न्यूज-टू नावाची गुणपद्धत वापरतात. त्यात नेहमीच्या रुग्णासाठी ऑक्सिजन ९६ किंवा वर असेल तर शून्य गुण, ९४-९५ ला एक, ९२-९३ ला दोन, ९१ आणि खाली तीन. दोन टक्क्यांच्या चुकीने माणूस एक पायरी वर दिसतो आणि त्याच्याकडे डॉक्टर उशिरा येतो. भारतात करोनाच्या मार्गदर्शक सूचनांत ९० ते ९३ म्हणजे मध्यम आजार आणि ९० च्या खाली म्हणजे गंभीर असं ठरवलं होतं. २०२० च्या सप्टेंबरात 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहिमेत महाराष्ट्रभर पथकं ऑक्सिमीटर घेऊन घरोघरी फिरली. २०२१ च्या एप्रिल-मेमध्ये तर कुणाला खाट मिळणार आणि कुणी घरीच थांबायचं हे अनेकदा या एका आकड्यावर ठरत होतं. आणि त्याच वेळी आपण इकडून, मंडळांच्या वर्गण्या काढून, खोकीच्या खोकी ऑक्सिमीटर पाठवत होतो. भावना खरी होती, धावपळ खरी होती, आणि त्यातून मदतही झाली. पण पाठवताना आपण किंमत विचारली, संख्या विचारली, कस्टम्सचं विचारलं. ती यंत्रं कोणत्या रंगाच्या बोटांवर तपासली आहेत, हा प्रश्न मागणीपत्रांतून गायबच होता.

आता ज्या मुद्द्यासाठी हा लेख लिहायला घेतला तिकडे येतो. आपल्यातले कितीतरी जण ई अँड टीसीचे. सीओईपी, व्हीजेटीआय, वालचंद आणि गावोगावची कॉलेजं यांतून निघालेले. त्यांतला मोठा भाग गेली तीस वर्षं मोबाइलच्या धंद्यात आहे. १९९१ मध्ये फिनलंडमध्ये पहिलं जीएसएम जाळं सुरू झालं तेव्हापासून ५जीपर्यंतचा सगळा प्रवास आपल्या डोळ्यांसमोर आणि पुष्कळ अंशी आपल्या हातांनी झाला. म्हणजे १९९० मध्ये जुब्रान-टोबिन यांनी धोक्याची घंटा वाजवल्यापासून २०२० पर्यंतची तीच तीस वर्षं.

त्या क्षेत्रात आपण काय शिकलो ते आठवा. टॉवरपासून फोनपर्यंत येताना सिग्नल भिंतींवर आपटतो, विखुरतो, क्षीण होतो. यालाच आपण चॅनल म्हणतो. कुठल्याही दोन फोनांचा चॅनल सारखा नसतो. म्हणून टॉवर मधूनमधून आधीच ठाऊक असलेला पायलट सिग्नल पाठवतो, फोन तो कसा पोचला ते पाहतो, आपल्यापुरता चॅनल किती बिघडलेला आहे याचा अंदाज घेतो आणि त्याप्रमाणे दुरुस्ती करतो. हे तो सेकंदाला शेकडो वेळा करतो. गाडीत बसून नव्वदच्या वेगाने जाताना तुम्ही व्हिडिओ पाहू शकता तो यामुळे. "दहा ठिकाणी चाचणी घेतली, त्यांच्या सरासरीवर फोन बेतला आहे, तुमच्या घरात रेंज नसेल तर तुमच्या भिंतींचा दोष" असं एखाद्या कंपनीने सांगितलं असतं तर ती आठवडाभरही टिकली नसती.

कातडी हाही एक चॅनलच आहे. प्रकाश पाठवायचा, तो विखुरतो, क्षीण होतो, पलीकडे पोचतो. गणिताचा प्रकार ओळखीचा आहे. मग फोनसाठी जी काळजी आपण डाव्या हाताने घेतो, ती माणसाच्या बोटासाठी का घेतली गेली नाही? आधी त्वचा किती प्रकाश खाते ते मोजा, मग दुरुस्ती करा, इतकी साधी मागणी आहे. हे अशक्य नाही. टफ्ट्स विद्यापीठात व्हॅलेन्सिया कूमसन त्वचेचा रंग मोजून त्याप्रमाणे जुळवून घेणाऱ्या ऑक्सिमीटरवर काम करत आहेत. ब्राउन विद्यापीठात किमानी तूसाँ ध्रुवीकृत प्रकाश वापरून मार्ग शोधत आहेत. दोघंही इंजिनिअर, दोघंही कृष्णवर्णीय. ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

दोनपेक्षा अधिक तरंगलांबी वापरणं तर आजची कल्पनाही नाही. १९७०च्या दशकात ह्युलेट-पॅकार्डचं कानाला लावायचं ऑक्सिमीटर आठ तरंगलांबी वापरत असे. ते बोजड होतं, महाग होतं. दोन एलईडींचं स्वस्त आणि सुटसुटीत यंत्र आलं आणि त्याने बाजार जिंकला. ही तडजोड तेव्हा समजण्यासारखी होती. पण तेव्हापासून एलईडी आणि फोटोडायोड कवडीमोल झाले, आणि तडजोड मात्र आपण तशीच सांभाळून ठेवली.

पैशाचा प्रश्न आला की हेच क्षेत्र किती तत्पर असतं, तेही पाहा. मनगटावरच्या घड्याळात ऑक्सिजन मोजण्याच्या पेटंटवरून मासिमो आणि ॲपल यांच्यात भांडण झालं, आणि जानेवारी २०२४ पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या नव्या घड्याळांतून ती सोयच काही काळ बंद करावी लागली. वकिलांच्या फौजा लागल्या. यंत्र कुणाचं यावर एवढा खल होतो. ते कुणावर नीट चालतं, या प्रश्नाला तीस वर्षं थांबावं लागलं.

आता आपल्यातले उत्साही म्हणतात की रिमोट मॉनिटरिंग आलं आहे. सांगलीत आईच्या बोटाला ब्लूटूथ ऑक्सिमीटर, आकडे न्यू जर्सीत लेकाच्या फोनवर, वर एआय लक्ष ठेवणार. छान आहे. पण क्लॉड शॅनन यांनी १९४८ मध्ये पायाभरणी केलेला माहितीचा सिद्धांत आपण कॉलेजात शिकलो आहोत. मोजतानाच जी माहिती हरवली ती पुढच्या कुठल्याही प्रक्रियेने परत येत नाही. जाळं कितीही वेगवान असलं तरी चुकीचा आकडाच ते वेगाने पोचवणार. बोटावर ९४ चुकीचा आला तर तो न्यू जर्सीतही एकही बिट न गमावता चुकीचाच पोचतो. आणि असल्याच आकड्यांवर शिकवलेलं एआय ही चूक नियम म्हणून पाठ करून बसतं.

या सगळ्याला प्रामाणिक उत्तरंही आहेत, ती टाळत नाही. चांगल्या प्रतीच्या काही नव्या यंत्रांत, निरोगी स्वयंसेवकांवर प्रयोगशाळेत घेतलेल्या चाचण्यांत, फरक लहान दिसतो. हे मान्य. पण रुग्ण निरोगी स्वयंसेवक नसतो. त्याचे हातपाय गार असतात, रक्तदाब पडलेला असतो, तो थरथरत असतो. दुसरं उत्तर असं की शहाणा डॉक्टर नुसता आकडा पाहत नाही. हेही मान्य. पण ऑक्सिमीटर आता शहाण्या डॉक्टराच्या हातात कमी आणि आपल्या घरांत जास्त आहे. घराघरांत मिळणारी बहुतेक स्वस्त यंत्रं आणि घड्याळं 'वेलनेस' या नावाखाली विकली जातात आणि एफडीए त्यांची अचूकता तपासत नाही. तिसरं, "मग काय, ऑक्सिमीटर फेकून द्यायचं?" मुळीच नाही. तराजूत खोट आहे म्हणून कुणी बाजार बंद करत नाही, तराजू दुरुस्त करायला लावतो.

आणि तो दुरुस्त करून घेण्याची वेळ हीच आहे. ब्रिटनमध्ये मार्गरेट व्हाइटहेड यांच्या समितीने वैद्यकीय उपकरणांतल्या असमानतेवरचा अहवाल मार्च २०२४ मध्ये दिला. एफडीएने जानेवारी २०२५ मध्ये नव्या मार्गदर्शनाचा मसुदा जाहीर केला. त्यात १० ऐवजी किमान १५० माणसं आहेत, त्वचेच्या दहा छटांची मंक यांची पट्टी आहे, आणि नुसत्या डोळ्यांनी न ठरवता रंग उपकरणाने मोजण्याची अपेक्षा आहे. हे चांगलं पाऊल आहे. पण ते मार्गदर्शन आहे, कायदा नाही, आणि 'वेलनेस'वाल्या यंत्रांना ते लागू नाही. कुणी मागे लागलं नाही तर असे कागद फडताळात जातात, हे आपल्याला सरकारी कचेऱ्यांच्या देशातून आल्यामुळे कुणी वेगळं सांगायला नको.

म्हणून माझ्या मागण्या तुमच्याकडे आहेत.

तुम्ही सेन्सर, घड्याळं किंवा मेडिकल उपकरणांच्या कंपनीत असाल, तर पुढच्या डिझाइन रिव्ह्यूमध्ये एक प्रश्न विचारा. त्वचेच्या छटांप्रमाणे अचूकतेचे आकडे वेगवेगळे कुठे आहेत? सरासरी दाखवली तर ती नाकारा. बैठकीत थोडी शांतता पसरेल, पसरू द्या. ग्रीन कार्डाच्या रांगेत असताना तोंड उघडणं अवघड असतं हे ठाऊक आहे. ज्यांची रांग संपली आहे, जे डायरेक्टर आणि व्हीपी झाले आहेत, त्यांनी आधी विचारावं.

तुम्ही विद्यापीठात असाल तर हा विषय विद्यार्थ्यांना द्या. तुमच्या शहरात ऑक्सिमीटरच्या चाचण्यांसाठी स्वयंसेवक हवे असतील आणि प्रकृती साथ देत असेल, तर जाऊन नाव द्या. आपली बोटं तक्त्यात नाहीत ही तक्रार असेल तर बोटं पुढेही करायला हवीत. सॅन फ्रान्सिस्कोचा 'ओपन ऑक्सिमेट्री' प्रकल्प निरनिराळ्या यंत्रांची तपासणी करून माहिती सर्वांसाठी खुली ठेवतो. आपल्या मंडळांनी खरेदीपूर्वी तिथे डोकावायला काहीच हरकत नाही.

मंडळाच्या कार्यकारिणीत असाल तर एवढं ठरवा की यापुढे भारतात उपकरणं पाठवताना विक्रेत्याकडून चाचणीचा अहवाल मागायचा, आणि गडद त्वचेवरचे निकाल नसतील तर दुसरा विक्रेता शोधायचा. पाचशे यंत्रांची ऑर्डर हातात असलेल्या गिऱ्हाइकाला विक्रेता उत्तर देतो.

आणि घरापुरतं म्हणाल, तर आई-बाबा बरे असताना त्यांचा नेहमीचा आकडा टिपून ठेवा. मग आजारपणात तो किती खाली आला ते पाहा, सुट्या आकड्याला चिकटून बसू नका. हात गरम करून, नखावरचं रंग-मेंदी टाळून मोजा. आणि आकडा चांगला दिसत असूनही माणसाला धाप लागत असेल, बोलताना वाक्य तुटत असेल, ओठ निळसर वाटत असतील, गुंगी येत असेल, तर माणसावर विश्वास ठेवा आणि डॉक्टरांना फोन करा. फोनवर हेही सांगा की ऑक्सिमीटर सावळ्या त्वचेवर जास्त दाखवू शकतं. नर्सला माहीत असेल तर ती हो म्हणेल. नसेल तर तिला कळेल.